दुःखी झाड आणि दसऱ्याचा झेंडू

आश्विन लागला की परसातली बाग पालटते. गौरींपुरता मिरवलेला तेरडा पिवळा पडून बिया उडवू लागतो, झेंडू कळ्यांनी भरतो आणि पहाटे पारिजातकाखाली सडा पडतो. हे सारे आपल्याकडे अनादी काळापासून असेच चालत आले आहे, असे आपण समजतो. इतिहासाचे म्हणणे निराळे आहे.

पारिजातकापासून आरंभ करू, कारण तेथे हाती निश्चित साल लागते. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी द्रव्यांवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात 'दुःखी झाड' म्हणून पारिजातकावर स्वतंत्र संवाद आहे. रात्री फुलून उजाडताच फुले गाळणारे हे झाड त्याने न्याहाळले. फुलांच्या नारिंगी देठांनी केशरासारखे अन्न रंगवतात, हेही टिपले. सूर्यावर जीव जडलेल्या आणि त्याने अव्हेरल्यावर प्राणत्याग केलेल्या राजकन्येच्या राखेतून हे झाड उगवले, ही इथली कथाही त्याने लिहून ठेवली. पुढे १७५३ मध्ये लिनियसने निक्टान्थिस आर्बर-ट्रिस्टिस असे नाव मुक्रर केले. त्याचा उत्तरार्ध म्हणजे तेच दुःखी झाड. सत्यभामेच्या हट्टापायी स्वर्गातून आलेल्या वृक्षाची जगाच्या दप्तरी अशी नोंद व्हावी, हे आम्हांस खटकते. परंतु नोंद करणाऱ्याच्या वाट्याला काय आले? ऑर्ता १५६८ साली वारला आणि गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या ठपक्यावरून १५८० साली इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली.

झेंडूची गोष्ट नेमकी उलट. तो मूळचा मेक्सिकोचा. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी तो इकडे पोहोचण्याचा संभव नाही. म्हणजे यादवांच्या देवगिरीत दसऱ्याच्या तोरणाला झेंडू नव्हता. (गुलबाक्षी आणि निशिगंध हेही त्याच खंडातले पाहुणे.) मेक्सिकोत नोव्हेंबरच्या आरंभी मृतांच्या स्वागतासाठी त्याच्या पाकळ्या पसरतात, आपण तोच तराजूला, नांगराला आणि हल्ली मोटारीलाही घालतो.

या परक्याला देवघरात कोणी घेतले? आमच्या मते हा निर्णय शास्त्र्यांपेक्षा ऋतूने दिला. पावसाळ्यात पेरलेला झेंडू बरोबर आश्विनात फुलतो, ओवल्यावर लवकर कोमेजत नाही आणि सुकलेल्या फुलातच पुढच्या वर्षीचे बी ठेवून जातो. ते पुरचुंडीत बांधून फडताळात जपणाऱ्या बायकांनी मात्र काही लिहून ठेवले नाही. वैद्याचा ग्रंथ उरला. पहिला झेंडू देवाला वाहणारा हात कोणाचा, हे कोणत्याही बखरीत नाही.

शेवंतीला अजून अवकाश आहे. रात्री पुरेशा लांबल्याखेरीज ती कळी धरत नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना ती घटापुढे असेल. तोवर झेंडूची वाळकी बोंडे खुडून घ्यायची.