दप्तरातील रुमाल आणि इंदापूर तालुका

देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम निघाले की गावोगाव एक प्रश्न हटकून निघतो. मूळ देऊळ बांधले कोणी? पारावर चार जाणती माणसे बसली तर चार उत्तरे मिळतात. कोणी पांडवांचे नाव घेतो, कोणी अहिल्याबाईंचे, तर कोणी एखाद्या सरदाराचे. गावाच्या श्रद्धेला अशा कथा शोभून दिसतात. परंतु श्रीनंदिकेश्वराच्या दारी छापून ठेवावयाचा मजकूर म्हटला की त्याला काही आधार पाहिजे, आणि तो आधार नीरेकाठच्या गावांपुरता तरी दोन ठिकाणच्या कागदांत सापडू शकतो. एक पुण्याचे पेशवे दप्तर आणि दुसरे मोजणीचे जुने दप्तर.

पुण्यातील पुराभिलेखागारास जुनी माणसे अजूनही पेशवे दप्तर म्हणतात. इंग्रजी अमलात त्याचे नाव एलिनेशन ऑफिस होते. एलिनेशन म्हणजे सरकारने आपला सारा सोडून दिलेली जमीन, म्हणजेच आपल्या भाषेत इनाम. कचेरीला हे नाव का पडले हे लक्षात घेतले की तेथे काय जपले आहे हेही कळते. सन १८१८ मध्ये पेशवाई संपली. एल्फिन्स्टन साहेबांपुढे पहिला प्रश्न होता तो कोणाचे इनाम खरे आणि कोणाचे खोटे हा. म्हणून पेशव्यांच्या कारकुनांनी लिहिलेले कागद गोळा करून त्यांजवर अधिकारी नेमण्यात आला. इतिहासाच्या प्रेमापोटी हे कागद राखले असे कोणी समजू नये. साऱ्याच्या पैशासाठी राखले, आणि म्हणूनच ते राहिले. पुढे सन १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले. इनामदार, वतनदार, देवस्थानचे पुजारी अशा सर्वांना आपापले कागद पुढे करावे लागले. कित्येकांची इनामे गेली, त्याबद्दल त्या काळी लोकांत मोठा असंतोष होता. पण चौकशीसाठी मागविलेले जबाब, नकला आणि निकाल मात्र दप्तरात पडून राहिले. सन १८९१ च्या सुमारास या सर्वांसाठी पुण्यात दगडी इमारत पुरी झाली. तेथे तीस हजारांवर रुमाल आहेत.

रुमाल म्हणजे हातरुमाल नव्हे, कागदांचा गठ्ठा बांधण्याचे चौकोनी कापड. त्या कापडावरून गठ्ठ्यालाच रुमाल म्हणू लागले. आत हातकागदावर बोरूने लिहिलेली मोडी. रोजकीर्द म्हणजे दररोजचा जमाखर्च, प्रांत अजमास म्हणजे प्रांताच्या उत्पन्नाचा अंदाज. घडणी, शाहू दप्तर, पागा, जमाव अशी आणखी खाती. पुष्कळ वर्षे हे दप्तर बाहेरच्या माणसाला सहजी पाहावयास मिळत नसे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी सन १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापून काढले, तेव्हा कोठे लोकांस त्याची कल्पना आली. पंचेचाळीस खंड म्हणजे पुष्कळ वाटतात, पण रुमालांच्या मानाने ते पसाभर धान्य होय. खंडांत लढाया आणि राजकारण आले. देवाच्या दिवाबत्तीचे कागद बहुतेक रुमालातच राहिले.

देवस्थानाला जमीन देताना सनद होत असे. सनदेच्या शेवटी एक ठरलेला मजकूर येतो. त्याचा अर्थ असा की, या पत्राची नक्कल दप्तरी लिहून घ्यावी, मूळ पत्र भोगवट्यासाठी इनामदाराकडे परत द्यावे आणि दरसाल नवी सनद मागू नये. मूळ पत्र घरी वाळवीने खाल्ले, पावसात भिजले, भाऊबंदकीत फाटले, तरी नक्कल दुसरीकडे असण्याचा संभव त्यामुळे राहतो. कागदावर साल मात्र इसवीत नसते. सीत सबैन मया व अलफ असे अरबी शब्दांत असते. सीत म्हणजे सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार; मिळून शुहूर सन ११७६, म्हणजे इसवी सन १७७५-७६. हे वर्ष मृग नक्षत्रावर सुरू होई, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. सरकारचे वर्ष आणि कुणब्याचे वर्ष तेव्हा एकच होते.

सनद सांगते ती जमीन कोणी दिली. ती नेमकी कोठे आहे, हे मोजणीचे कागद सांगतात. या बाबतीत इंदापूर तालुक्याचा मान मोठा आहे, जरी तो फार सोसून मिळालेला आहे.

सन १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजा या मुलखातून गेल्या. बारामतीजवळ लढाई झाली. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला आणि गावे ओस पडली. ती कशीबशी पुन्हा वसत होती तोच इंग्रजी अमलात प्रिंगल साहेबांनी मोजणी करून आकार बसविला. शेतीचा खर्च वजा जाता जे राहील त्याचे शंभरात पंचावन्न सरकारचे, असा त्यांचा हिशोब. कागदावर हिशोब चोख. पण निव्वळ उत्पन्न ठरविणार कोण? हाताखालच्या माणसांनी हात ओले केले, त्यातच धान्याचे भाव पडले आणि आकार डोईजड झाला. वसुलीसाठी रयतेचा छळही झाला. माणसे बैल घेऊन निजामाच्या मुलखात निघून गेली आणि इंदापुरातील जमिनी पड पडल्या.

तेव्हा सन १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि इंजिनिअर असलेले लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूरचे काम हाती घेतले. निव्वळ उत्पन्नाचा नाद त्यांनी सोडला. मागे किती वसूल खरोखर येत होता, पाऊस किती, बाजार किती लांब, हे पाहून दर धरले. प्रिंगल यांची मोजणी मात्र तपासून वापरली, कारण तिच्यात दोष कमी होते. एका बैलजोडीने वाहता येईल एवढा सुमार धरून नंबर पाडले, बांध आणि दगड घालून हद्दी कायम केल्या. जमिनीची प्रत आण्यांवर ठरू लागली. पावणेदोन हात खोल काळी असेल ती सोळा आणे; चुनखड, उतरवट, उपळवट असे दोष निघतील तसे आणे कमी. सन १८३६ पासून तीस वर्षे आकार वाढणार नाही असे वचन दिले. ओस गावांत माणसे परतली. पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली. आजच्या आकारबंदाची आणि सातबाऱ्याची मुळे अशी इंदापूरच्या मातीत आहेत.

कागदाने नेहमी कल्याणच केले असे नाही. तीस वर्षांची मुदत संपून आकार वाढला, कापसाचे भाव उतरले आणि सावकारांची खती वाढत गेली. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली ती रोखे आणि खती हाती घेऊन जाळण्यासाठी. त्यानंतर १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा आला. एक कागद घर राखतो आणि दुसरा घर बुडवितो, हे या भागाने फार जवळून पाहिले आहे.

देवस्थानाच्या जमिनीचा शोध घेणाराने मागे कसे जावे, हे येथे सांगणे उपयोगाचे होईल. आजचा गट नंबर हा १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानंतरचा. त्यावरून जुना सर्व्हे नंबर काढावा लागतो. सर्व्हे नंबरावरून मोजणीचे कागद मिळतात. इनामाचे नाव, परगणा आणि पहिल्या वहिवाटदाराचे नाव हाती आले तर पुण्याच्या दप्तरात अर्ज करण्यास काही दिशा मिळते. नुसते 'आमच्या देवळाचा इतिहास द्या' म्हटल्याने कोणत्या रुमालास हात घालावा हे तेथील माणसालाही कळत नाही. पाटील, कुलकर्णी यांची वतने कायद्याने गेली, पण देवस्थान इनाम इतर इनामांबरोबर खालसा झाले नाही, त्यामुळे या कागदांचे काम अद्याप संपलेले नाही.

अडचण मोडीची आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास ती शाळांतून गेली आणि नातू आजोबांचे अक्षर वाचू शकेनासा झाला. सन २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी तालुक्यातालुक्यांची जुनी दप्तरे उघडली, तेव्हा कागद होते पण वाचणारे थोडे होते. कित्येक घरांतील माळ्यावरचे मोडी कागद त्याआधीच जुन्या पोथ्यांबरोबर नदीला सोडले गेले. जे उरले असतील ते देवळाच्या कमिटीकडे आणून दाखवावेत, फोटो काढून घेऊन मूळ कागद ज्याचा त्याने घरी न्यावा. पेशवाईतही असल पत्र धन्याला परतच जात असे.