पोळी-भाताविना तृप्ती: पॅलिओ आहाराचे स्वयंपाकघर

वजन उतरवण्यासाठी किंवा रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्यासाठी जे आहार सुचवले जातात, त्यांत ‘पॅलिओ’ हे नाव शहरी मध्यमवर्गाला आता परिचयाचे झाले आहे. धान्य, डाळी, दूध आणि साखर वर्ज्य करून मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे, कंदमुळे आणि सुकामेवा यांवर भर देणारा हा आहार आहे. उत्साहाने त्याची सुरुवात करणाऱ्यांपैकी अनेकजण काही आठवड्यांत तो सोडतात. पोट भरत नाही, यापेक्षा ‘जेवल्यासारखे वाटत नाही’ ही त्यांची तक्रार मोठी असते. ज्या ताटाचा पाया पोळी, भाकरी किंवा भात आहे, त्यातून तो पायाच काढून घेतल्यावर उरलेले पदार्थ ओके-बोके वाटणे स्वाभाविक आहे. ही उणीव पोळी-भाताच्या नकला करून भरून निघत नाही. त्यासाठी ताटाची मांडणी बदलावी लागते. मराठी स्वयंपाकात त्याला लागणारी सामग्री मुबलक आहे.

कल्पनेचा उगम

पुराश्मयुग म्हणजे सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीपासून शेतीच्या प्रारंभापर्यंतचा, म्हणजे साधारण १२ हजार वर्षांपूर्वीपर्यंतचा काळ. त्या काळातील शिकारी आणि अन्नसंग्राहक माणसाचा आहार आधुनिक माणसालाही मानवेल, अशी मांडणी वॉल्टर व्होग्टलिन या अमेरिकी पोटविकारतज्ज्ञाने १९७५ साली एका पुस्तकात केली. तिला वैद्यकीय प्रतिष्ठा लाभली ती १९८५ मध्ये. अटलांटा येथील एमरी विद्यापीठाशी संबंधित बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांचा या विषयावरील लेख त्या वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाचे लॉरेन कॉर्डेन यांच्या २००२ सालच्या पुस्तकामुळे हा आहार घरोघरी पोहोचला.

या मांडणीतील इतिहासाचा भाग पुरातत्त्वज्ञांना पूर्णपणे मान्य नाही. गॅलिलीच्या सरोवराकाठी सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी जव आणि गव्हाचे दाणे सापडले आहेत. जॉर्डनमधील सुमारे १४ हजार ४०० वर्षांपूर्वीच्या चुलींत भाकरीसदृश पदार्थाचे जळके तुकडे मिळाल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. म्हणजे शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधी माणूस धान्य खात होता. शिवाय ध्रुवाजवळचा आणि विषुववृत्ताजवळचा मानव सारखेच अन्न खात असणे शक्य नव्हते. त्यामुळे ‘पूर्वज असेच खात’ हा या आहाराचा भक्कम आधार ठरत नाही. साखर, मैदा आणि कारखान्यात तयार झालेले खाद्यपदार्थ ताटातून जातात आणि भाज्या वाढतात, हा त्याचा खरा गुण आहे.

काय चालते, काय वर्ज्य?

* चालते: मासे, कोंबडी, मटण, अंडी; पालेभाज्या व फळभाज्या; फळे; रताळे, सुरण, कोनफळ, अळकुड्या यांसारखे कंद; नारळ, बदाम, काजू, अक्रोड; तीळ, जवस, खसखस.
* वर्ज्य: गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, सर्व डाळी, कडधान्ये, सोयाबीन व शेंगदाणे, दूध, दही, ताक, पनीर, साखर व गूळ, शीतपेये, बिस्किटे, फरसाण.
* मतभेदाचे: बटाटा, साजूक तूप, मीठ, मध, चहा-कॉफी. कॉर्डेन यांनी बटाटा आणि मीठ दोन्ही नाकारले; अनेक अनुयायी मात्र दोन्ही माफक प्रमाणात चालवून घेतात.

उपवासाचे ताट म्हणजे पॅलिओ ताट, असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. वरी हे धान्यच आहे, दाण्याचे कूट शेंगवर्गातील आहे आणि साबुदाणा हा कंदापासून काढलेला शुद्ध स्टार्च आहे. उपवासाच्या पदार्थांतील रताळे आणि सुरण मात्र बिनदिक्कत घेता येतात. बाजारातील हिंगाबाबतही सावध असावे. डबीतील हिंगात बहुधा मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते.

नकलेचा मोह टाळावा

पॅलिओ पाककृती शोधणाऱ्याच्या हाती प्रथम लागतो तो फ्लॉवरचा ‘भात’ आणि बदामाच्या पिठाची ‘पोळी’. दोन्ही पदार्थ चांगले होऊ शकतात. पण मूळ पदार्थाची अपेक्षा ठेवून खाल्ल्यास हमखास निराशा होते. भात रस्सा शोषून घेतो, फ्लॉवरचा कीस तसा शोषत नाही. त्यामुळे त्यावर पातळ कालवण ओतले की ताटात पाणी सुटते. बदामाच्या पिठात ग्लूटेन नसल्याने पोळी लवचीक होत नाही, तुटते.

फ्लॉवर वापरायचाच असेल तर तो किसून, पसरट कढईत, झाकण न ठेवता पाच-सात मिनिटे परतावा आणि मीठ शेवटी घालावे. आधी मीठ घातल्यास पाणी सुटते आणि फार वेळ शिजवल्यास उग्र वास येतो. मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची यांची फोडणी, भरपूर ओले खोबरे आणि लिंबू घालून तो कोरडा, स्वतंत्र पदार्थ म्हणून वाढावा. रस्सा दाट करून वाटीत वेगळा घ्यावा. पोळीऐवजी अंड्याचे पातळ धिरडे किंवा वाफवलेले कोबीचे पान घेऊन त्यात खिमा अथवा सुकी भाजी गुंडाळता येते.

पानाची डावी बाजू मोठी करावी

पारंपरिक मराठी पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि लोणचे डाव्या बाजूला वाढले जाते. भात-पोळीची सौम्य चव खुलवण्याचे काम या आंबट, तिखट, कुरकुरीत पदार्थांचे असते. पॅलिओ जेवण सपक आणि एकसुरी वाटते, ते ही बाजू रिकामी राहिल्यामुळे. उकडलेली कोंबडी आणि कच्ची काकडी समोर ठेवल्यास आठवडाभरात कंटाळा येणारच.

म्हणून चटण्या आणि कोशिंबिरी चमच्याने न वाढता वाटीने वाढाव्यात. लसूण-खोबऱ्याची, तिळाची, जवसाची, कारळ्याची अशा कोरड्या चटण्या शेंगदाण्यांवाचून उत्तम होतात. काकडी, गाजर, बीट, मुळा यांच्या कोशिंबिरीत दही आणि कूट यांच्या जागी ओले खोबरे, लिंबू व कोथिंबीर घालावी आणि वरून तिळाची फोडणी द्यावी. ताकाची उणीव सोलकढी भरून काढते. नारळाचे दूध, आमसूल, लसूण आणि मिरची एवढ्यावर होणाऱ्या या पेयात वर्ज्य असे काहीच नाही.

तृप्तीसाठी स्निग्धता तितकीच महत्त्वाची आहे. धान्य गेले आणि भीतीपोटी तेल-खोबरेही कमी केले, तर दोन तासांत भूक लागते. दर जेवणात अंडी, मासे किंवा मांस, एखादा स्निग्ध घटक, भरपूर भाजी आणि गरजेप्रमाणे कंद अशी चौकट ठेवल्यास ही अडचण येत नाही. सुरण घशाला खवखवतो, म्हणून तो आमसूल घालून शिजवावा.

वाटणाचा आधार

रस्सा दाट करण्यासाठी बेसन, कणीक किंवा दह्याची गरज नसते. भाजलेला कांदा आणि सुके खोबरे यांचे वाटण हे काम शतकानुशतके करत आले आहे. कोकणातील माशाचे कालवण ओले खोबरे, लाल मिरची, धणे आणि आमसूल यांवर उभे असते. बांगड्याच्या कालवणात तिरफळे पडतात. मालवणी मटण आणि कोल्हापुरी सुके मटण यांत सहसा काही बदल करावा लागत नाही. पांढऱ्या रश्शाला काजू, खसखस, तीळ आणि नारळाचे दूध यांचीच जोड असते. भरली वांगी करताना शेंगदाण्याच्या कुटाऐवजी तीळ आणि सुके खोबरे वापरावे व गूळ वगळावा. वांग्याच्या भरितात दही नसले तरी भाजलेला लसूण आणि कच्चा कांदा त्याची चव राखतात.

तळलेल्या माशाला रवा किंवा तांदळाचे पीठ लावण्याची पद्धत आहे. ते न लावताही खमंगपणा आणता येतो. आगळ, हळद, तिखट व लसूण लावून मासा पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, वरचा ओलावा टिपून घ्यावा आणि चांगल्या तापलेल्या तव्यावर ठेवून खालची बाजू सुटेपर्यंत हलवू नये. पृष्ठभाग ओला असला तर मासा भाजला न जाता वाफवला जातो. बोंबील चिरून वजनाखाली दाबून ठेवण्याची जुनी रीत याच कारणाने आहे.

या पद्धतीचा आणखी एक लाभ असा, की घरात दोन स्वयंपाक करावे लागत नाहीत. कालवण, भाजी, चटणी सर्वांसाठी एकच. इतरांनी त्यासोबत पोळी-भात घ्यावा. पथ्य करणाऱ्याला पंगतीतून उठवल्याची भावना येत नाही, आणि पथ्य टिकण्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. खर्चाचा विचार करता बदामाच्या पिठापेक्षा अंडी, तारली, बांगडा आणि हंगामी भाज्या परवडतात.

लग्नकार्य, सणवार आणि बाहेरचे जेवण यांची तजवीज खुद्द कॉर्डेन यांनीच करून ठेवली आहे. नवशिक्याने आठवड्यातून तीन जेवणे मोकळेपणाने घ्यावीत आणि पुढे त्यांची संख्या दोन, मग एक अशी कमी करावी, असे त्यांनी सुचवले आहे. पुरणपोळी खाल्ली म्हणून आहार ‘मोडला’ असे मानण्याचे कारण नाही.

प्रयोग काय सांगतात?

स्वीडनमध्ये हृदयविकारासोबत मधुमेह किंवा वाढलेली साखर असलेल्या २९ रुग्णांवर केलेला १२ आठवड्यांचा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पॅलिओ गटात ग्लुकोज चाचणीतील साखरेची एकूण पातळी २६ टक्क्यांनी, तर भूमध्यसागरी पद्धतीचा आहार घेणाऱ्या गटात ७ टक्क्यांनी घटली. स्वीडनमध्येच ७० स्थूल, रजोनिवृत्त महिलांवर झालेल्या दोन वर्षांच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. सहा महिन्यांनी पॅलिओ गटातील चरबी अधिक घटली होती. दोन वर्षांनी मात्र दोन्ही गटांतील फरक ठळक राहिला नाही. पथ्य दीर्घकाळ टिकवणे किती कठीण आहे, हेही अशा निष्कर्षांवरून लक्षात येते. हे प्रयोग लहान आहेत आणि भारतीयांवर केलेले नाहीत, याचेही भान ठेवावे.

कोणी सावध राहावे?

दूध वगळल्यावर पहिला फटका कॅल्शियमला बसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. तीळ, शेवग्याचा पाला आणि काट्यांसह खाता येणारे मांदेलीसारखे छोटे मासे आहारात नेमाने असावेत. मीठही सोडल्यास आयोडीन कमी पडते. वर उल्लेखिलेल्या दोन वर्षांच्या प्रयोगात ही उणीव दिसून आली. त्यामुळे आयोडीनयुक्त मीठ माफक प्रमाणात ठेवावे आणि समुद्रातील मासे खावेत.

शाकाहारी व्यक्तींसाठी हा आहार काटेकोरपणे पाळणे श्रेयस्कर नाही. त्याच शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यातून जेमतेम ६ ग्रॅम मिळतात आणि डाळ व दूध दोन्ही बंद केल्यास अंडी न खाणाऱ्यांना सुकामेव्यावाचून फारसा आधार उरत नाही. अशांनी साखर, मैदा आणि तयार पदार्थ सोडून डाळ, उसळ व ताक चालू ठेवणे अधिक सुरक्षित आहे.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी धान्य अचानक बंद करू नये. औषधाची मात्रा तीच राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचे विकार किंवा गाऊट असणाऱ्यांनी तसेच गर्भवतींनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून हा आहार सुरू करू नये. रक्त पातळ करणारे वॉरफरीन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना कल्पना द्यावी.

ज्यांना असा अडसर नाही, त्यांनी सारे एकदम सोडण्याऐवजी दिवसातील एका जेवणापासून प्रारंभ करावा. रात्रीच्या जेवणात माशाचे दाट कालवण, परतलेली भाजी, रताळ्याच्या फोडी, वाटीभर कोशिंबीर, तिळाची चटणी आणि सोलकढी असेल, तर पोळीची आठवण झाली तरी तिच्यावाचून अडणार नाही.