पाण्याचा भार आणि बांधाचे बळ : एकरुख ते उजनी

सोलापूर शहराच्या ईशान्येस सुमारे आठ किलोमीटरांवर, हिप्परग्याजवळ, अदिला नदी अडवून केलेला एकरुख तलाव १८७१ साली पूर्ण झाला. त्याचे काम १८६६ मध्ये सुरू झाले होते. दोन किलोमीटरांहून अधिक लांब व वीस मीटरांहून अधिक उंच असा हा बांध मुख्यतः मातीचा आहे. ज्या काळी तो उभारला गेला त्या काळी मृदायामिकी या नावाचे शास्त्रच अस्तित्वात नव्हते. असे असता त्याच्या रचनाकारांस नेमके काय ठाऊक होते व काय ठाऊक नव्हते, हा प्रश्न अभियांत्रिकीच्या इतिहासात महत्त्वाचा ठरतो.

पाण्याच्या दाबाचा नियम मात्र त्यांस पूर्णपणे अवगत होता. दाब केवळ खोलीवर अवलंबून असतो, हे सायमन स्टेव्हिन याने १५८६ मध्येच दाखवून दिले होते. जलाशय मागे एक किलोमीटर पसरलेला असो वा दहा, बांधावरील रेटा तोच राहतो. वीस मीटर पाण्याच्या तळाशी दर चौरस मीटरास सुमारे २० टन दाब पडतो. बांधाच्या दर मीटर लांबीवर एकूण आडवा रेटा सुमारे २०० टन होतो. खोली दुप्पट झाली की रेटा चौपट होतो आणि बांध उलथविणारा परिबल आठपट होतो.

आता या रेट्यास तोंड देणाऱ्या दोन प्रकारच्या बांधांची तुलना करावी. उदाहरणादाखल वीस मीटर उंचीचा, दोन मीटर माथ्याचा आणि दोन्ही अंगांचे उतार मिळून तळाशी शंभर मीटरांहून थोडा अधिक रुंद असलेला मातीचा बांध घेतला, तर त्याचे वजन दर मीटर लांबीस १,८०० टनांहून अधिक भरते. ते रेट्याच्या नऊपट आहे. तितक्याच उंचीचा, चौदा मीटर तळाचा त्रिकोणी दगडी बांध घेतला, तर त्याचे वजन सुमारे ३२० टन, म्हणजे रेट्याच्या दीडपटीहून थोडेच अधिक असते. मातीचा बांध पाण्याने ढकलला जाऊन सहसा मोडत नाही. दगडी बांधाचे तसे नाही. म्हणूनच दगडी बांधाचे गणित आधी मांडले गेले आणि मातीचा बांध दीर्घकाळ अनुभवावर सोपविला गेला.

या गणिताचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईशी निगडित आहे. मुंबई नगरपालिकेचे कार्यकारी अभियंता कॅप्टन टुलक यांनी उंच दगडी धरणाच्या आकाराविषयी ग्लासगोचे प्राध्यापक रँकिन यांचे मत मागविले. रँकिन यांचा अहवाल जानेवारी १८७२ मध्ये, एकरुख पूर्ण झाल्यानंतर लवकरच, प्रसिद्ध झाला. दगडी बांधकामात ताण मुळीच उत्पन्न होऊ नये आणि त्यासाठी वजन व रेटा यांची परिणामी रेषा तळाच्या मधल्या तृतीयांशातच राहावी, हे तत्त्व त्यांनी दृढ केले.

तथापि या विवेचनात एक उणीव राहिली होती. बांध हा पाण्यापुढे उभा असलेला अभेद्य ठोकळा आहे, असे त्यात गृहीत होते. फ्रान्समधील बूझे येथील दगडी धरण १८८४ मध्ये जागचे सरकले आणि दुरुस्तीनंतर २७ एप्रिल १८९५ रोजी फुटले. ऐंशीहून अधिक माणसे प्राणांस मुकली. भेगांत शिरलेले पाणी बांधाला खालून वर उचलते, हे त्यानंतर सर्वमान्य झाले. वरील दगडी बांधाच्या तळाशी जलाशयाच्या अंगास पूर्ण दाब व दुसऱ्या अंगास शून्य दाब मानला, तर ऊर्ध्व रेटा १४० टन होतो आणि ३२० टनांपैकी अवघे १८० टन परिणामी वजन उरते. ते २०० टनांच्या आडव्या रेट्याहूनही कमी आहे.

मातीच्या बांधास हीच गोष्ट अधिक सूक्ष्मपणे लागू पडते. सच्छिद्र थरांतून पाणी कोणत्या वेगाने झिरपते याचा नियम दार्सी याने १८५६ मध्ये सांगितला होता. परंतु झिरपणाऱ्या पाण्याचा मातीच्या बळावर होणारा परिणाम टेर्झागी यांनी १९२० नंतरच्या दशकात उलगडला. मातीवरील भाराचा काही अंश कण वाहतात, काही अंश छिद्रांतील पाणी वाहते. घर्षण मात्र कणांनी वाहिलेल्या अंशापुरतेच मिळते. पाण्याचा वाटा वाढला की वजन तेवढेच राहूनही बळ घटते. दख्खनच्या बांधांत गाभ्यास काळी माती व बाहेरून मुरूम घालण्याची रीत आहे. काळी माती पाणी रोखते, पण ओलीने फुगते व वाळल्यावर तडकते. मुरूम पाण्याला वाट देतो. या रीतीत शास्त्राच्या आधीचे शहाणपण आहे.

हे शहाणपण एका जागी अपुरे पडले की काय होते, हे १२ जुलै १९६१ रोजी दिसले. पानशेतच्या मातीच्या धरणात विसर्गनळाचे काम अपुरे असता जलाशय भरला. नळावरील भराव खचला आणि पाणी माथ्यावरून गेले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे १८७९ सालचे दगडी धरणही फुटले व पुणे शहर बुडाले.

सोलापूर जिल्ह्यातील भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची उंची सुमारे ५६ मीटर आहे. उंचीइतके पाणी मानल्यास वीस मीटर पाण्याच्या मानाने त्यावरील रेटा जवळजवळ आठपट ठरतो. पाणी वाहून जाऊ देणारा मधला भाग दगडी आणि दोन्ही बाजूंचे भाग मातीचे, अशी त्याची रचना आहे. येथे दोन्ही परंपरा एकत्र येतात, आणि त्यांच्या सांध्याशी झिरपणारे पाणी हाच पुन्हा कसोटीचा प्रश्न ठरतो.

बाहेरच्या रेट्याचे गणित पहिल्या दिवशीच पूर्ण होते. आतल्या पाण्याचे गणित बांध उभा असेतो चालूच राहते. म्हणून जुन्या बांधाची परीक्षा माथ्यावर उभे राहून होत नाही. ती खालच्या पायथ्याशी होते. तेथे पाझरणारे पाणी नितळ असेल व त्याचे प्रमाण स्थिर असेल, तर बांध आपला भार सुखरूप वाहत असल्याचे ते चांगले लक्षण होय. ते गढूळ झाले, तर बांधाची माती त्याबरोबर वाहू लागली आहे, असे समजावे.