बाजारापर्यंतची तार

कृषी अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कारंजा लाडचे नाव एका ओळीपुरते येते. हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने 1886 साली येथे देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, ही ती ओळ. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचे आणि कारभाराला इंग्रजांचे होते. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस वाजवी भावात हवा होता; शेतकऱ्याचे हित हा मूळ हेतू नव्हता. तरीही त्या बाजाराने एक प्रश्न कायमचा पुढे आणला. माल पिकवल्यावर तो बाजारात पोहोचेपर्यंत अडत, हमाली, तोलाई यांत किती पैसा झिजतो आणि तो कोणाच्या खिशातून जातो?

सौरविजेच्या बाबतीत मला आज हाच प्रश्न दिसतो. पॅनेल स्वस्त झाले, ऊन तर फुकटच. खर्च उरतो तो तारेचा.

आपले वीजजाळे वरून खाली बांधले गेले. 1960 साली राज्य वीज मंडळ स्थापन झाले. कोयना, पारस, कोराडी येथे वीज तयार व्हायची, उच्च दाबाच्या मनोऱ्यांवरून यायची, मग 33 हजार आणि 11 हजार व्होल्टवर उतरून शेवटी विहिरीवरच्या मोटारीपर्यंत पोहोचायची. दूर माळरानावरच्या मोठ्या सौरप्रकल्पाला हीच शिडी आधी चढावी आणि मग उतरावी लागते. प्रत्येक पायरीला रोहित्र, प्रत्येक रोहित्राला किंमत आणि गळती.

यावरची वाट भारनियमनाच्या काळाने नकळत तयार केली. या शतकाच्या पहिल्या दशकात गावठाणाची आणि शेतीची वाहिनी वेगळी करण्याचे काम सुरू झाले. गाव अंधारात न ठेवता शेतीची वीज बंद करता यावी, एवढाच त्यामागचा हिशेब. पण त्यामुळे उपकेंद्रात अशी वाहिनी मिळाली की जिच्यावर जवळजवळ सगळ्या मोटारीच, आणि मोटारी दिवसा चालल्या तर शेतकऱ्याला हवेच आहे. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायला मध्यरात्री, सापाकिरड्यांत कोणाला जायचे असते? तेव्हा उपकेंद्राशेजारीच सौरप्रकल्प उभारला, तर चढउताराचा खर्च वाचतो.

2017 च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे मर्म हेच. राळेगणसिद्धी आणि आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी ही तिची पहिली ठिकाणे. 2023 मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. त्यात सरकारी जमीन उपकेंद्रापासून 10 किलोमीटरच्या आत आणि खासगी जमीन 5 किलोमीटरच्या आत असावी, असे धोरण आहे. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते, त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ. 5 ऑक्टोबर 2024 रोजी आपल्याच जिल्ह्यात, पोहरादेवीच्या कार्यक्रमात, राज्यातल्या अशा पाच सौरप्रकल्पांचे, एकूण 19 मेगावॉटचे, लोकार्पण झाले.

अंतर घटले, पण हिशेब संपला नाही. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीवर अर्धा ते दोन मेगावॉटचा प्रकल्प उभारावा, अशी तरतूद केंद्राच्या कुसुम योजनेत आहे. तिथे उपकेंद्रापर्यंतची 11 हजार व्होल्टची लाईन, बे आणि स्विचगिअर यांचा भार उत्पादकावरच पडतो. पंचवीस मेगावॉटवाल्याला हा खर्च किरकोळ. अर्ध्या मेगावॉटवाल्याचा तो कणाच मोडू शकतो. शिवाय लाईन बंद पडली की सुरक्षेसाठी प्रकल्पही आपोआप थांबतो. डोक्यावर रणरणते ऊन आणि मीटर मात्र स्तब्ध! जोडणीच्या खर्चात हे बुडालेले तासही धरले पाहिजेत.

म्हणून मला वाटते, जवळच्या उत्पादकांना एकच लाईन वाटून घेता यावी, उपकेंद्रातली जागा किती शिल्लक आहे हे आधीच जाहीर व्हावे आणि उपकेंद्राची दुरुस्ती ही सार्वजनिक जबाबदारी मानावी. यासाठी नवे यंत्र लागत नाही, नियम लागतो. 1897 च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने बाजार समित्या आल्या, पण त्यांत कापूस पिकवणाऱ्याला जागा नव्हती. ती मिळायला पुढची पिढी उजाडावी लागली. आज वीज नियामक आयोगाच्या जाहीर सुनावणीत कोणालाही म्हणणे मांडता येते. कारंज्याच्या शेतकऱ्याने तिथे जाऊन आपल्या तारेची किंमत विचारायला हवी.