चिकाचं कूळ

आमच्या आण्णांच्या पद्मिनी गाडीची पुढची काच काढायला मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत सारलं, आणि काचेभोवतीचं रबर बोटाएवढ्या तुकड्यांनी खाली पडायला लागलं. मी एक तुकडा उचलून वाकवून पाहिला. वाळक्या शेंगेसारखा टचकन मोडला. आतून राखाडी, भुसभुशीत.

"वाळून गेलंय की सगळं," मिस्त्री म्हणाले. "एक बी ठेवायचं न्हाई दादा. सगळी रबरं नवी."

गाडी १९७८ सालची. आमच्या इस्लामपूरच्या मळ्यात, ट्रॅक्टरच्या शेडमध्ये, विहिरीच्या मोटारीच्या स्टार्टरशेजारी ती वीस वर्षं उभी होती. पत्रा सडला असेल, इंजिन जाम असेल, याची मनाची तयारी केली होती. रबराचा विचारच केला नव्हता. मिस्त्रींनी पोतं अंथरून एकेक काढून मांडलं तेव्हा कळलं, गाडीत किती रबर असतं. दोन मोठ्या काचा, चार दारांची बीडिंग, पुढच्या दारांतल्या तिकोनी काचांच्या पट्ट्या, डिकीचं रबर, ऑइल सील, ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधले वायसर, स्टिअरिंगचे बूट, सस्पेन्शनचे बुश, पेडलांच्या टोप्या. पोतं भरून गेलं.

मला मात्र मिस्त्रींचा तो शब्द अडून बसला. वाळलं म्हणजे पाणी गेलं. रबरात पाणी कुठे असतं? मग वाळतं ते काय? या एका प्रश्नामागे लागून मी रबराच्या घराण्यात शिरलो.

या घराण्याचे पूर्वज रबराचे नव्हते. दोन कठीण वस्तू कितीही नीट घासून एकमेकींवर ठेवल्या तरी फट राहते. ती बुजवायला मध्ये काहीतरी मऊ घालावं लागतं. आपल्या सांगली जिल्ह्यात याचा जुना नमुना म्हणजे हरिपूरची हळदीची पेवं. जमिनीत खोल खणलेली, आतून पाल्याने आणि चटयांनी मढवलेली, तोंड मातीने बंद केलेलं. हवा आत जात नाही, म्हणून कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि यातली कित्येक पेवं कायमची गेली. तोंड बंद करणं म्हणजे काय असतं, हे हरिपूरच्या माणसाला कुणी शिकवायला नको.

यंत्रं आली तशी माती पुरेना. हलणाऱ्या दांड्याभोवतीची फट बुजवायची तर बुजवणारी वस्तूही हलण्याला सरावलेली हवी. ते काम चामड्याने आणि दोरीने केलं. इंग्लंडातल्या पहिल्या वाफेच्या इंजिनांत दट्ट्याभोवती चामडं आणि चरबीत भिजवलेला अंबाडीसारखा वाख भरत. १९१० साली वसलेल्या आमच्या शेजारच्या किर्लोस्करवाडीचे पंप या भागातल्या विहिरींवर बसले आणि 'ग्लँडची दोरी' हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी रुळला. ही दोरी भरायची एक रीत आहे. नट फार आवळायचा नाही, पाण्याचा थेंब थेंब पडू द्यायचा. तो थेंब दांड्याला थंड ठेवतो. पूर्ण कोरडा ग्लँड तापून दांडा खातो. लहानपणी मला वाटे, आण्णांचा पंप गळका आहे. तो बरोबर गळत होता.

चामडं तर अगदी काल-परवापर्यंत टिकलं. गावोगावच्या हापशाचा, म्हणजे इंडिया मार्क टू या पंपाचा जन्म १९७० च्या दशकातला, आणि त्याचं मूळ सोलापुरात बनलेल्या पंपात आहे. त्याच्या पोटात पाणी वर ओढणारे वायसर चामड्याचे होते. नंतर त्यांच्या जागी नायट्राइल रबराचे आले. गाडीतल्या ऑइल सीलचीही हीच वंशावळ. जर्मनीतल्या वाइनहाइम गावी फ्रॉइडेनबर्ग नावाचा चामडं कमावण्याचा जुना कारखाना होता. १९३० च्या सुमारास तिथल्या वाल्थर झिमर या इंजिनिअरने फिरत्या दांड्याभोवती ओठ टेकवून बसणारी चामड्याची चकती लोखंडी कड्यात बसवली. काही वर्षांत चामडं जाऊन कृत्रिम रबर आलं, पण ओठ तोच राहिला. पोत्यावर पडलेल्या पद्मिनीच्या सीलमध्ये मला तो दिसत होता.

आता खुद्द रबराकडे. हा शब्द आपण इंग्रजीतून उचलला, पण त्याची जन्मकथा मराठीने नकळत जपून ठेवली आहे. ला कोंदामिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७३६ साली दक्षिण अमेरिकेतल्या किटोहून रबराच्या झाडाच्या वाळलेल्या चिकाचे नमुने पॅरिसला धाडले, तेव्हा युरोपला त्याचा उपयोग सुचत नव्हता. १७७० मध्ये जोसेफ प्रीस्टली याने नोंदवलं की हा पदार्थ कागदावरची शिसपेन्सिलीची रेघ छान पुसतो. लंडनच्या दुकानात अर्ध्या इंचाचा ठोकळा तीन शिलिंगांना विकला जाई. घासून पुसणारा म्हणून रबर. म्हणजे पदार्थाला नाव मिळालं ते शाळेच्या दप्तरातल्या कामावरून, आणि आपण पुढे त्याच वस्तूला 'खोडरबर' म्हणू लागलो. अर्थाने पाहिलं तर हा 'खोडखोडणारा' झाला. आपल्याकडे रबर हा आधी पदार्थ ठरला आणि खोडणं त्याला मागाहून चिकटलं. मूळ क्रम नेमका उलटा होता.

त्या चिकाचं एक वाईट होतं. उन्हात तो चिकट होई, थंडीत दगड. मेक्सिकोतल्या प्राचीन लोकांनी यावर साडेतीन हजार वर्षांपूर्वी तोड काढली होती. आपल्या गारवेलीच्या जातीतल्या एका वेलीचा रस ते चिकात मिसळत आणि उसळणारे चेंडू बनवत. युरोप-अमेरिकेला ही विद्या माहीत नव्हती. चार्ल्स गुडइयर या अमेरिकी माणसाने यापायी तुरुंगवास आणि कर्ज भोगलं. टपालखात्यासाठी केलेल्या त्याच्या पिशव्या उन्हाळ्यात वितळून गेल्या. १८३९ मध्ये गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या शेगडीला लागलं आणि वितळण्याऐवजी कातड्यासारखं चिवट झालं, तेव्हा त्याला वाट सापडली. त्याच्या रबराचा एक तुकडा इंग्लंडात थॉमस हॅनकॉकच्या हाती पडला, त्यावरच्या गंधकाच्या पुटावरून त्याने अंदाज बांधला आणि १८४३ मध्ये तिकडे आधी पेटंटचा अर्ज करून टाकला. गुडइयरचं अमेरिकी पेटंट १८४४ चं. तो १८६० मध्ये वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर दोन लाख डॉलरचं कर्ज होतं. ही गोष्ट वाचली की मला अजून वाईट वाटतं.

या रीतीला नाव दिलं हॅनकॉकच्या ब्रॉकेडन नावाच्या मित्राने. रोमन लोकांचा अग्नीचा आणि लोहारकामाचा देव व्हल्कन, त्यावरून व्हल्कनायझेशन. पेठ नाक्याकडे जाताना पंक्चरच्या टपऱ्यांवर रंगवलेल्या पाट्या बघा. 'व्हल्कनायझिंग' हा शब्द कुठे 'वल्कनाइझ', कुठे 'बल्कनायझिंग' होऊन बसलाय, पण आहे तो त्या लोहार देवाचाच. अशा टपऱ्यांत केरळी माणसं पूर्वीपासून दिसतात, आणि रबराचं झाडही आपल्या देशात सर्वांत जास्त केरळमध्येच रुजलं. हेन्री विकहॅमने १८७६ मध्ये ब्राझीलहून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या. जेमतेम अडीच-पावणेतीन हजार रुजल्या. त्यांची रोपं सिलोनला आणि पुढे पूर्वेकडे गेली. केरळात पेरियार नदीकाठी थट्टेकाड इथे १९०२ मध्ये पहिला व्यापारी मळा उभा राहिला.

आता माझा प्रश्न. कच्च्या चिकात रेणूंच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींवरून घसरत असतात, शिजलेल्या शेवयांसारख्या. गंधक आणि उष्णता मिळून त्यांच्यात जागोजागी गाठी मारतात. म्हणून ताणलेलं रबर परत मूळ मापावर येतं. पण गाठी मारण्याचं काम कारखान्यातून बाहेर पडल्यावर संपत नाही. शेडच्या पत्र्याखाली चैत्र-वैशाखात गाडी तापते, हवेतला प्राणवायू आत शिरतो, काही साखळ्या तुटतात आणि नको तिथे नव्या गाठी बसतात. गाठी वाढल्या की रबर ताठ होतं. ज्या क्रियेने त्याला जीव दिला, तीच वीस वर्षं मंद आचेवर चालू राहिली. त्यातच मऊपणासाठी घातलेलं तेल हळूहळू निघून जातं. तेवढ्यापुरता मिस्त्रींचा 'वाळलं' हा शब्द खरा.

तिसरा वैरी ओझोन. नैसर्गिक रबराच्या साखळीत जे दुहेरी बंध असतात, तिथेच तो चावतो, आणि रबर ताणलेलं असेल तर फार लवकर. म्हणून चिरा नेहमी ताणाला आडव्या आणि आधी वळणाच्या जागी पडतात. ठिणगी उडाली की थोडा ओझोन तयार होतो. आमची गाडी वीस वर्षं मोटारीच्या स्टार्टरशेजारी होती, हे मला पोत्यापुढे बसल्यावर आठवलं. शेडच्या त्या बाजूच्या दारांचं बीडिंग जास्त तडकलं होतं.

यावरची तोड निघाली इटलीत, आणि पद्मिनीही मुळात इटलीचीच. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात बनवलेली फियाट ११००. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी. मिलानच्या ज्युलिओ नात्ता यांनी १९५० च्या दशकात इथिलीन आणि प्रोपिलीन या वायूंपासून रबर करायची रीत काढली. १९६३ मध्ये कार्ल त्सिग्लर यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. या घराण्यातल्या ईपीडीएम रबराच्या मुख्य साखळीत दुहेरी बंधच नाहीत. ओझोनला दात लावायला जागा नाही. आज काचेचं आणि दाराचं रबर त्याचंच घ्यावं. पण तेलापुढे ते टिकत नाही, फुगतं. तेलाची जागा नायट्राइलची. म्हणून सगळं काळं रबर सारखं समजणं हाच मोठा घात. जुनं रबर मऊ व्हावं म्हणून त्यावर रॉकेल किंवा ऑइल चोळणारे मी खूप पाहिले. ते दोन दिवस मऊ होतं, कारण फुगलेलं असतं. ब्रेकच्या डबीत चुकून साधं तेल पडलं तर आतले वायसर असेच फुगतात आणि ब्रेक अडकतो. इथे चूक जिवावर बेतते.

मी स्वतःही चुकलो. पहिल्यांदा एका दुकानातून मीटरवर बीडिंग आणलं, दारांना ताणून चिकटवलं, तुकडा पुरला म्हणून खूश झालो. एका पावसाळ्यात ते आखडलं, कोपऱ्यात अंगठा जाईल एवढी फट पडली आणि मागच्या पायदाणात पाणी साचलं. मिस्त्रींनी ते सगळं उपटून टाकलं.

"ताणायचं न्हाई दादा, दाबत दाबत जायचं. थोडं जास्तच घ्यायचं."

नवं रबर त्यांनी तसंच बसवलं, बोटाने मागे सारत, हातभर पट्टीत चांगला बोटभर माल जास्त मुरवत. तिकोनी काचांचं रबर कुठे मिळेना. त्याचा साचा कोल्हापूरच्या उद्यमनगरात घडवून घेतला, जुन्या मोडक्या तुकड्यांवरून माप काढून.

पुढची काच बसवायला सकाळची वेळ ठरली. नवं रबर आधी काचेला चढवलं. त्याच्या बाहेरच्या खोबणीत मिस्त्रींनी सुती दोरी सगळीकडून फिरवली, दोन्ही टोकं खालच्या बाजूला एकमेकांवरून नेऊन आत सोडली. गाडीच्या चौकटीला साबणाचं पाणी लावलं. मी आणि त्यांचा पोरगा बाहेरून तळव्यांनी काच दाबून उभे. मिस्त्री आत बसले आणि एक टोक हळूहळू ओढायला लागले. दोरी निघेल तसा रबराचा ओठ पत्र्यावरून उलटून आत येत होता, चटचट आवाज करत. खालून सुरुवात, मग डावा कोपरा. तिथे ते थांबले, आम्हाला नेमकं त्याच जागी दाबायला सांगितलं, पुन्हा ओढलं. वरची कड, उजवा कोपरा, आणि पुन्हा खाली.

पंपाच्या ग्लँडमध्ये आयुष्य काढणाऱ्या दोरीचीच ही बहीण नव्या रबराला जागेवर बसवून बाहेर आली होती. मिस्त्रींनी ती पिळून बोटांभोवती गुंडाळली आणि खिशात ठेवली. पोरग्याने बादली आणली. वरच्या कडेवरून पाणी ओतलं, एक बादली, मग दुसरी. मी आत, डॅशबोर्डच्या खाली डोकं घालून, कोरडा हात पत्र्यावरून फिरवत होतो.

"आलं का?" बाहेरून मिस्त्रींनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. "कोरडं हाय."