दोन पायऱ्या आणि एक उतार : इंग्लंडमधील खेड्यातल्या शाळेचा इतिहास

१/ इंग्लंडच्या ग्रामीण भागात व्हिक्टोरियन काळातील शाळा दुरूनही ओळखू येते. दगडाची वा विटांची बैठी इमारत, उतरते छप्पर, मुलांचे लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून उंचावर बसवलेल्या खिडक्या आणि कित्येक ठिकाणी 'मुलगे' व 'मुली' अशी अक्षरे कोरलेली दोन स्वतंत्र दारे. दारापुढे दोन-तीन पायऱ्या. हा थ्रेड त्या पायऱ्यांविषयी आहे. त्यांच्या शेजारी एक साधा उतार बांधण्याचे बंधन कायद्याने घालावे, यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

२/ यांतील अनेक शाळा चर्च ऑफ इंग्लंडच्या नॅशनल सोसायटीच्या (स्थापना १८११) साहाय्याने उभ्या राहिल्या. १८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर स्कूल बोर्डांनी त्यांत भर घातली. चालू न शकणारे मूल या दारातून आत येईल, ही कल्पनाच कोणी केली नव्हती. १८९३ मध्ये अंध व मूकबधिर मुलांसाठी आणि १८९९ मध्ये इतर अपंग मुलांसाठी कायदे झाले, पण त्यांचा रोख वेगळ्या शाळा व वेगळे वर्ग यांवर होता. १९४५ च्या नियमांनी अपंग विद्यार्थ्यांचे ११ प्रकार ठरवले. त्यामुळे गावातले मूल पुष्कळदा गावाबाहेरच्या विशेष शाळेत, अनेकदा वसतिगृहात, जाऊन पडे.

३/ १९४७ साली ब्रिटनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. ७ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्याच वर्षी संसदेने नगर व ग्रामनियोजन कायदा संमत केला. जमीन मालकाची असली, तरी तिच्यावर बांधण्याचा हक्क यापुढे शासनाच्या परवानगीवर अवलंबून राहिला. ऐतिहासिक इमारतींची अधिकृत यादी करण्याचे कामही याच कायद्याने पक्के केले. पायऱ्या न चढू शकणारी एक पिढी शाळेच्या वयाला येत होती, आणि नेमक्या त्याच काळात पायऱ्यांना हात लावण्यासाठी अर्ज करणे आवश्यक झाले. दोहोंचा परस्परसंबंध तेव्हा कोणाच्या ध्यानी आल्याचे दिसत नाही.

४/ तो ध्यानी आणून देणाऱ्यांत सेल्विन गोल्डस्मिथ हे नाव महत्त्वाचे. हे वास्तुविशारद १९५६ मध्ये पोलिओने स्वतः अपंग झाले. १९६३ मध्ये त्यांनी अपंगांसाठीच्या वास्तुरचनेवर एक ग्रंथ सिद्ध केला. दाराची रुंदी, उताराचा चढ, कठड्याची उंची असे सारे काही त्यात मापांत मांडलेले होते. दयाबुद्धीचा प्रश्न त्यांनी सेंटीमीटरांचा करून टाकला, हे त्यांचे खरे कार्य.

५/ पुढचे पाऊल आल्फ मॉरिस या मँचेस्टरच्या खासदाराचे. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात जबर जखमी झाले होते आणि आल्फ लहान असतानाच वारले. १९६९ मध्ये खासगी विधेयकांच्या सोडतीत मॉरिस यांचा क्रमांक पहिला लागला. त्यांचे विधेयक २९ मे १९७० रोजी, म्हणजे संसद विसर्जित झाली त्याच दिवशी, कायदा बनले. एक दिवस उशीर झाला असता तर सारे मुसळ केरात!

६/ या कायद्याचे आठवे कलम शाळांविषयी होते. शाळेची इमारत बांधणाऱ्याने अपंगांसाठी प्रवेशमार्ग, वाहनतळ आणि स्वच्छतागृह यांची सोय करावी. मात्र परिस्थितीनुसार ती 'शक्य आणि वाजवी' असेल तेवढीच. या दोन शब्दांच्या आडोशाला पुढे पुष्कळांना उभे राहता आले, कारण न केल्यास शिक्षा कोणती, हे कलमात नव्हतेच.

७/ १९८१ हे संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष. त्या वर्षी ब्रिटिश संसदेने नियोजन कायद्यात एक तरतूद घातली : इमारतीस परवानगी देताना नियोजन प्राधिकरणाने अर्जदाराचे लक्ष १९७० च्या कायद्याकडे वेधावे. फक्त लक्ष वेधावे! परवानगीच्या पत्रासोबत स्मरणपत्र जोडले की कर्तव्य संपले. १९९० च्या नियोजन कायद्यातही ही तरतूद ७६ वे कलम म्हणून कायम राहिली.

८/ येथे आणखी एक गंमत आहे. सरकारी शाळांची मालकी बहुधा काउंटी कौन्सिलकडे, म्हणजे स्थूलमानाने आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेकडे. १९९२ च्या नियमावलीतील तिसऱ्या नियमानुसार कौन्सिल स्वतःच्या कामासाठी स्वतःकडेच अर्ज करते आणि स्वतःच निर्णय देते. अर्जदार तीच, न्यायाधीश तीच, आणि लक्ष वेधायचे तेही स्वतःचेच.

९/ पण उतार बांधणे एवढे अवघड का? हिशेब करून पाहावा. प्रत्येकी १५ सेंटीमीटरच्या दोन पायऱ्या म्हणजे ३० सेंटीमीटर चढ. इंग्लंडच्या बांधकाम नियमांच्या मार्गदर्शिकेनुसार (२००४ ची आवृत्ती) १२ स एक हा तीव्र चढ केवळ २ मीटर लांबीपर्यंतच चालतो. ५ मीटरपर्यंत १५ स एक लागतो. म्हणजे उतार साडेचार मीटरांचा झाला. वर व खाली प्रत्येकी किमान १.२ मीटरची सपाट जागा हवी. एकूण लांबी सात मीटरांच्या जवळ गेली, रुंदी दीड मीटर.

१०/ खेड्यातली जुनी शाळा अनेकदा रस्त्याला लागूनच असते. दारापासून सरळ सात मीटर गेले तर व्हीलचेअर थेट रस्त्यावर. मग उतार भिंतीलगत वळवावा लागतो, जोत्याचा जुना दगड झाकला जातो, लोखंडी कठडे दर्शनी बाजूस येतात. इमारत संरक्षित यादीत असेल तर नियोजन परवानगीखेरीज वेगळी वारसा संमतीही लागते. उतार मागच्या दाराला न्यावा, ही तडजोड मग साऱ्यांना सोयीची वाटते. ज्या मुलाने रोज स्वयंपाकघराच्या बाजूने शाळेत यायचे, त्याला ती तशी वाटेलच असे नाही.

११/ दरम्यान तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या समितीच्या १९७८ च्या अहवालाने आणि १९८१ च्या शिक्षण कायद्याने अशा मुलांना शक्यतो सामान्य शाळेत घ्यावे, असे धोरण आणले. धोरण आत या म्हणत होते, दार मात्र तसेच होते. १९९५ च्या अपंगत्व भेदभाव कायद्यातून शिक्षण जवळजवळ वगळले गेले. शाळांनी आपल्या सोयींची माहिती वार्षिक अहवालात द्यावी, एवढेच बंधन राहिले. सरकारी शाळांना राष्ट्रीय बांधकाम नियमांतून मिळालेली सूट तर एप्रिल २००१ पर्यंत टिकली.

१२/ मे २००१ मध्ये कायदा बदलला आणि सप्टेंबर २००२ पासून शाळांना भेदभाव करण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यासाठी वाजवी फेरबदल करणे बंधनकारक ठरले. तथापि इमारतीतील फेरबदल, म्हणजे पायऱ्या, दारे, जिने, त्या बंधनातून बाहेर ठेवले गेले. त्याऐवजी प्रत्येक शाळेने तीन वर्षांची लेखी सुगम्यता योजना करावी, असे ठरले. पहिल्या योजना एप्रिल २००३ पासूनच्या. पालकाला आपल्या एका मुलासाठी उताराची मागणी थेट या कलमाखाली करता येत नव्हती. त्याने योजनेत त्याची पाळी येण्याची वाट पाहावी, अशी ही रचना.

१३/ २०१० च्या समता कायद्याने जुने कायदे एकत्र केले, तरी हा भाग इंग्लंडमधील शाळांसाठी फारसा बदलला नाही. म्हणूनच काउंटी कौन्सिलांच्या नियोजन नोंदींत अमुक गावची प्राथमिक शाळा, प्रवेशद्वाराशी उतार, कठडे, दार रुंद करणे, असे छोटे अर्ज आजही येत असतात.