मागचं दार

दलित पँथर १९७२ साली मुंबईत उभी राहिली. नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. ती पार्टी निघाली १९६६ मध्ये. पण त्याच्या दहा वर्षं आधी त्याच देशातल्या काळ्या माणसांनी एक लढा चालत चालत जिंकला होता. कार्यकर्त्यांनो, तो नीट समजून घेऊ.

अलाबामा राज्यातलं मॉन्टगोमेरी शहर. १९५५ साली तिथं सिटी बसचं भाडं १० सेंट. काळ्याचे १० आणि गोऱ्याचेही १०. नाण्याला विटाळ नव्हता, विटाळ माणसाला होता. काळ्यानं पुढच्या दारानं चढून ड्रायव्हरजवळच्या पेटीत पैसे टाकायचे, परत खाली उतरायचं, आणि मागच्या दारानं आत यायचं. कित्येकदा तो मागं पोचायच्या आत बस निघून जायची. पैसा पेटीत, माणूस रस्त्यावर. पुढच्या १० जागा गोऱ्यांच्या. रिकाम्या असल्या तरी काळ्यानं उभंच राहायचं. गोऱ्यांच्या वस्तीत बस कोपऱ्याकोपऱ्याला थांबायची, काळ्यांच्या वस्तीत एक कोपरा सोडून. आणि उतारूंत काळे किती? चारांत तीन! विहीर खणायला आपण आणि पाण्याला ते, तसलाच हा हिशेब.

२ मार्च १९५५. क्लॉडेट कोल्व्हिन, वय १५, शाळकरी पोर. जागेवरून उठली नाही. पोलिसांनी ओढून नेली. १ डिसेंबरला रोझा पार्क्स उठल्या नाहीत. लोक सांगतात, शिवणकाम करणारी बाई, दमली होती म्हणून बसून राहिली. साफ खोटं. त्या १९४३ पासून संघटनेचं काम करत होत्या. अंग दमलं नव्हतं, वाकून वाकून जीव विटला होता.

त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेनं कॉलेजातल्या सायक्लोस्टाइल मशीनवर हजारो पत्रकं काढली : सोमवारी बसमध्ये चढू नका. सकाळी ती घरोघर गेली. आपल्या ह्या पानांना कुणी कमी लेखलं तर त्याला ही रात्र सांगा.

५ डिसेंबरला बसगाड्या रिकाम्या धावल्या. मग ३८१ दिवस तसंच. धुणीभांडी करणाऱ्या बाया मैलोन् मैल चालल्या. काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसइतकेच १० सेंट घेतले, तर नगरपालिकेनं किमान ४५ सेंटांचा नियम दाखवून ते बंद पाडलं. मग लोकांनी स्वतःची वाहतूक उभी केली. सुमारे ३०० मोटारी, ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा. जॉर्जिया गिलमोर ही स्वयंपाकीण जेवण आणि केक विकून पेट्रोलला पैसे आणायची. मोटारींचे विमे रद्द झाले. पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर ३० जानेवारी १९५६ ला बॉम्ब पडला. माणसं चालतच राहिली.

ध्यानात घ्या, सुरुवातीची मागणी फार लहान होती. काळे मागून बसत येतील, गोरे पुढून. बसलेल्याला उठवू नका, नीट बोला. एवढंही मालकांनी दिलं नाही. मग चार बाया कोर्टात गेल्या आणि वेगळेपणाच्या कायद्यावरच घाव घातला. १३ नोव्हेंबर १९५६ ला सुप्रीम कोर्टानं तो मोडीत काढला. २१ डिसेंबरला काळी माणसं पुढच्या दारानं चढली आणि पुढं बसली. चवदार तळ्यावर तरी आपण निव्वळ तहान भागवायला गेलो होतो का?

आता कडू घोट. त्या चौघींत क्लॉडेट होती. पण पोर गरीब वस्तीतली, पुढं लग्नाआधी दिवस गेले, म्हणून पुढाऱ्यांनी तिला लढ्याचा चेहरा होऊ दिलं नाही. तिच्यावरचा गुन्हा सरकारी दप्तरातून पुसला गेला २०२१ साली, म्हणजे ६६ वर्षांनी. रोझा पार्क्सची नोकरी गेली आणि १९५७ मध्ये त्यांना शहर सोडावं लागलं.

बसचं मागचं दार बंद झालं. चळवळीला मात्र मागचं दार राहिलंच, अन् त्यातून बाया आत येत राहिल्या. आपल्या सभेत सतरंज्या कोण अंथरतं, भाकऱ्या कोण बडवतं, आणि माईक कुणाच्या हातात असतो? हा हिशेब आपला आपणच मांडायचा आहे. गोऱ्यांवर ढकलून चालायचं नाय.